काळी चार

"तुमची पट्टी कोणती?" पियानोवरून मान वर न करता मास्तरांनी विचारलं.

तिनं डावी तर्जनी पुढे केली. "ही. काल कात्री लागली. पण तिचं गाण्याशी काय?"

पियानोवरची बोटं थबकली. त्यांनी आधी बोटाच्या चिंधीकडे पाहिलं, मग तिच्याकडे... "अहो, सुराची पट्टी! गाता कुठून?"

"गळ्यातून!"

मागे वीस जणी फिस्सकन हसल्या. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रंगमंदिराच्या शिवणखोलीत झगे शिवणारी ती. तिथल्याच मावशीनं ढकललं होतं आज कोरसच्या निवडीला — "जन्मभर दुसऱ्यांचे गळे बेतणार का? जा, स्वतःचा दाखव!"

मग ती गायली. आणि हसू जिथल्या तिथे विरलं. पियानोवाल्या मास्तरांना साथ करायचंही भान उरलं नाही.

कोरसच्या बाईंनी मात्र चष्मा पुसला. "आवाज मधासारखा आहे ग. पण सुरांचा कागद वाचता येत नसेल, तर इथे जागा नाही. वीस गळे एका कागदावर चालतात. पुढच्या सोमवारी परीक्षा."

"मी शिकवतो!" मास्तर बोलून गेले — आणि सगळ्यांत जास्त तेच दचकले.

रोज जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या हॉलमध्ये शिकवणी सुरू झाली. तिचा गळा सहज खुलतो ती पट्टी काळी चार, हे त्यांनी पहिल्याच दिवशी शोधून दिलं.

"कोमल म्हणजे सूर अर्धा खाली."

"म्हणजे कंबर जराशी आत घेतली."

"...हो. तसंच." त्यांना हसू आवरेना.

"पण मास्तर, हे सगळं हवंच का? पाखरं कुठे शिकतात?"

"पाखरांना कुठे चुकलं ते सांगता येत नाही."

"तुम्हाला सगळं सांगता येतं?"

"सुराचं येतं," ते पट्ट्यांकडे बघत पुटपुटले. "बाकीचं... नाही."

शनिवारी भलतंच झालं. रोजचंच गाणं, आणि ती बेसूर झाली. जन्मात पहिल्यांदा! तोंडावर हात ठेवून ती उभीच राहिली.

"गेलं माझं गाणं... मोजता मोजता सांडलं."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्यामुळे."

रात्रभर कूस बदलून सकाळी तिनं मावशीला सांगितलं. मावशी ओठांत टाचण्या धरूनच म्हणाली, "नवी कात्री हाती आली की पहिलं कापड वाकडंच कापलं जातं. म्हणून काय कात्री फेकायची?"

सोमवार. हातात कागद, वर लिहिलेली पट्टी — पांढरी पाच. मास्तरांनी सुरुवात केली आणि तिच्या कानात टाचणी रुतली. काहीतरी चुकतंय... पूर्वी ती नुसती चुळबुळली असती. आज त्या टोचण्याला नाव होतं! पण बोलावं तर बाईंसमोर मास्तरांचीच चूक काढायची. आणि गप्प बसावं तर चुकीचं गायचं — ज्यांनी सुराचा कान दिला, त्यांच्याच समोर.

"थांबा," ती म्हणाली. "कागदावर पांढरी पाच आहे. मास्तर रोजचीच काळी चार वाजवताहेत. अर्धा सूर वर."



बाईंनी कागद पाहिला. मास्तरांची बोटं पाहिली. पुन्हा कागद. "मास्तर? आणि पट्टी चुकले?" त्या मटकन खुर्चीत बसल्या. "पोरी, तू पहिल्या रांगेत. आणि यांना कुणीतरी पाणी द्या!"

सगळ्या पांगल्यावर ती शिवणखोलीच्या दाराशी थांबली. मागून ओळखीची पावलं आली.

"रागावलात?" तिनं विचारलं.

"कसा चुकलो, ते नाही विचारायचं?"

"कसे?"

"कागदाकडे पाहिलंच नाही. हात आपोआप गेले... काळी चारवर." ते एक पाऊल पुढे आले. "आता दुसरी पट्टी लागतच नाही मला. तुझ्याशिवाय."

तिच्या हातातला कागद गळून पडला. तुझ्याशिवाय! इतके दिवस अहो-जाहो करणारा माणूस...

"चुकलं का?" ते घाबरून म्हणाले.

"नाही..." ती लाजून कशीबशी म्हणाली. "पण अर्धा सूर वर लागला. जरा कोमल घ्या — मावशी ऐकेल."

"ऐकेल कशाला?" आतून शिवणयंत्र थांबलं. "ऐकलं की!"