जिराफाच्या गळ्यातली टेप

त्या दुपारी सिडनीत, आमच्या क्वेकर्स हिलला गारा पडल्या. नारळाएवढ्या!

...बरं, लिंबाएवढ्या. आता पुढे जाऊ द्याल का मला?

नोव्हेंबर महिना. शाळा सुटली होती, पण पत्र्याच्या शेडखालून बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. माझी नात नुपूर, वय वर्षं नऊ, आणि तिच्या वर्गातली चार-पाच पोरं मला चिकटून उभी. पत्र्यावर असा ताशा वाजत होता की त्यातली केली नावाची मुलगी रडायच्या बेतात आली. मग मी काय करणार? मी सुरू केलं.

"मी टांझानियात होते ना, तेव्हा एक जिराफ माझ्याकडे मफलर शिवायला आला. घसा बसला होता बिचाऱ्याचा. माप घ्यायला शिडी लावली, एकाला एक जोडून तीन टेपा लावल्या. अर्ध्यावर पोचते तोच त्याला आली शिंक! मी मानेवरून थेट खाली, घसरगुंडीसारखी. टेप राहिली त्याच्या गळ्यातच."

नुपूर हे सगळं इंग्लिशमध्ये करून सांगत होती, आणि वर स्वतःचं थोडं घालत होती. माझंच रक्त.

"No way," केली नाक पुसत म्हणाली. "That's not true."

"It's true," मागून आवाज आला. "I was there."

मी वळले. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, डोक्यावरची निळी टोपी चिंब भिजलेली, हातात उलटी झालेली छत्री. नखांत ऑइल. चेहऱ्यावर हसू म्हणाल तर नावाला नाही.

"I've seen that giraffe. He's still wearing it." मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या मराठीत — "पिवळीच होती ना टेप, ताई?"

पोरींनो, खरं सांगते... मी ठाण्याला चाळीस वर्षं ब्लाउज शिवले आणि चाळीस वर्षं थापा मारल्या. लोक हसले, लोकांनी पकडलं. आमचे हे तर — देव त्यांना शांती देवो — कपाळावर हात मारायचे. पण माझी थाप हातात घेऊन, एक माप वाढवून, नीट घडी करून मला परत देणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"पिवळीच," मी म्हटलं. "आणि मला ताई म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"विचार करून सांगते."

तेवढ्यात गारा थांबल्या. काय घाई होती त्यांना!

तो होता ब्लेझ तुस्कानो. वसईचा. नुपूरच्या वर्गातल्या इयानचा आजोबा, एका गॅरेजातून रिटायर झालेला, बायको जाऊन आठ वर्षं झालेली. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी तो शाळेच्या गेटपाशी पंधरा मिनिटं लवकर आला. मला कसं कळलं? मी वीस मिनिटं लवकर गेले होते.

"आज लवकर?" त्याने विचारलं.

"बस लवकर आली."

"तुम्ही तर चालत येता."

"मग चालत आलेली बस समजा!"

मिशीखालून पहिल्यांदा हसला. पुढचा दात किंचित वाकडा. मला सरळ शिवणीचा नाद, पण तो दात मात्र तसाच राहावा असं वाटलं...

आठवडाभराने त्याने फोनवर फोटो दाखवले. आणि पाहते तर काय, हा माणूस खरोखरच आफ्रिकेत जायचा. सहा वर्षं. दरवर्षी पाच महिने, एका संस्थेतर्फे, फुकट काम करायला. मोडलेले हापसे दुरुस्त करत, गावागावांतून. मी? मी ठाण्याहून निघाले ती सिंगापूरच्या विमानतळावर चहा पिऊन सिडनीत उतरले, एवढाच माझा जगप्रवास.

"म्हणजे तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं... की मी..."

"पहिल्याच वाक्याला."

"तरी साथ दिलीत?"

"सहा वर्षं मी पोरांना खरं सांगतोय, पोरं जांभया देतात. म्हटलं, बघू, ही बाई काय करते."

एका फोटोत हापसा होता. मी फोन हिसकावलाच. "अहो, हा तर आमच्या गावच्या शाळेपुढचा!"

"तसाच. झांबियात जागोजागी हेच हापसे. दांड्याचा आवाजसुद्धा तोच. पहिल्या वर्षी ऐकला तेव्हा मला घरची आठवण येऊन रडू आलं."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी थाप मारायचीच विसरले.

पुढचा फोटो एका खोलीचा. तीन पायमशीनं, धुळीने पांढरी झालेली.

"ही कोण चालवतं?"

"कोणी नाही. कुणीतरी देऊन गेलं, शिकवायला कुणी आलंच नाही. मुलींना पाळीचे कापडी पॅड शिवता आले, तर महिन्याला चार-चार दिवस शाळा बुडणार नाही त्यांची. मी पंप अख्खा खोलतो. पण मशीनला हात लावला की दोरा तुटतो." मग गेटकडे बघत म्हणाला, "मे महिन्यात निघतोय. दार-ए-सलामपासून ट्रकने... टांझानिया, मलावी, झांबिया. एक जागा रिकामी आहे."

"कुठे? ट्रकमध्ये?"

"आधी ट्रकमध्ये," तो म्हणाला, आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सत्तरीच्या माणसाच्या! मी डोळ्यांनी पाहिल्या.

घरी मी पोळी वाढता वाढता सांगून टाकलं, मे महिन्यात ब्लेझबरोबर आफ्रिकेला चाललेय म्हणून. मुलगा हृषिकेश आयटीवाला, त्याचा घास तोंडाशीच थांबला.

"आई, तू सहासष्ट वर्षांची आहेस."

"माहितीये. जन्माच्या वेळी मीच हजर होते."

"Malaria, रस्ते, पाणी... आणि नुपूरचं पिकअप? अं?"

हं. आलं बाहेर! सून रुचा ताटात बघत राहिली.

"चार वर्षं केलं पिकअप, रे. आनंदाने केलं. पण माझ्या पासपोर्टवर ‘पिकअप’ असं नाव नाहीये, सुचित्रा आहे."

"आणि तो माणूस... वसईचा क्रिश्चन. टूनगॅबीच्या मराठी मंडळात लोक काय बोलतील?"

"बोलू देत की! दर दिवाळीला तेच ते पार्किंगचं बोलतात. नवीन विषय मिळेल."

त्याने ताट सरकवलं. मग हळू म्हणाला, "बाबांच्या वेळी मी पोचलो नाही, आई. विमानात होतो. परत तसं... नको."

ह्याच्यावर माझ्याकडे थाप नव्हती. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाळा, तुला भीती वाटते हे मला समजतं. पण तुझ्या भीतीपायी मी खुर्चीत बसून मरायची वाट बघायची का?"

तो ताटावरून उठला. आणि पोरींनो, खरी मेख पुढेच होती. संस्थेचा फॉर्म होता, त्यावर इमर्जन्सी कॉन्टॅक्टची सही हवी. इथे राहणारा, मोठा, घरचा माणूस. हृषिकेश म्हणाला, "मी सही करणार नाही." सही नाही तर जागा नाही. त्याने फॉर्म फ्रिजवर ठेवला, अगदी मागे, माझा हात पोचू नये म्हणून. ह्या घरात शिडी आहे हे विसरला.

शनिवारी व्हिडिओवर इंटरव्ह्यू. संस्थेची बर्नाडेट एका चौकोनात, ब्लेझ दुसऱ्या, मी तिसऱ्या. माझं शिवणाचं मशीन बाजूला, नुपूर मांडीला मांडी लावून. दारात हृषिकेश, हाताची घडी घालून.

बर्नाडेटने विचारलं, "Have you been to Africa before?"

"Seven times!" नुपूर ओरडली. "Aji knows a giraffe!"

ब्लेझने तोंड उघडलं. मला दिसलं ते. हा आता ‘It's true’ म्हणणार होता. माझ्यासाठी, सगळ्यांदेखत, खोटं बोलणार होता. बोलला असता तर जागा मिळालीही असती...

पण तिथे मुली खऱ्या होत्या. मशीनं खरी होती. आणि तो लाल कानांचा माणूस खरा होता.

"नो," मी म्हटलं. "कधीच नाही. नॉट वन टाइम. पण हे बघा." मी ओढणी डोळ्यांवर बांधली. चाचपडत बॉबिन काढली, शटल साफ केलं, परत बसवलं. सुईत दोरा तिसऱ्या खेपेला गेला, पण गेला. मग पाय चालवला. ओढणी सोडली तेव्हा कापडावर शिवण होती, पट्टीने आखल्यासारखी. बर्नाडेट म्हणाली, फॉर्म आला की जागा तुमची.

नुपूरचे डोळे मात्र भरलेले. "So the giraffe is fake?"

"अजून भेटला नाही एवढंच. भेटायलाच चाललेय."

"You lied, Aji." आणि ती उठून गेली. पोरींनो, सगळ्या जगाने पकडलं तरी मला काही वाटलं नव्हतं. हे लागलं.

मी शिडी आणायला वळले, तर रुचा स्टुलावर चढलेली. बारा वर्षांत माझ्यासमोर कधी आवाज न चढवलेली मुलगी. फॉर्म काढला, धूळ झटकली.

"आई, पेन द्या."

"रुचा!" हृषिकेश म्हणाला.

"No worries. After-school careमध्ये नुपूरचं नाव सोमवारीच घातलंय मी." तिने सही ठोकली. "मी पण एक दिवस साठीची होणार आहे, हृषी. आत्तापासून सवय लागू दे ह्या घराला."

मग काय, निघाले! ट्रकमध्ये हाडं खिळखिळी झाली. टांझानियात धुळीने माझे केस लाल झाले, मलावीत तळं बघून मी समुद्रच म्हणत राहिले, आणि ब्लेझ दर खड्ड्याला "सांभाळून, ताई— नाही, ताई नाही..." म्हणत राहिला. झांबियातल्या त्या गावी एका मशीनमध्ये उंदराची सात पिल्लं निघाली. (तीन. बरं, तीन.) मुलींचा पहिला पॅड भेंडीसारखा वाकडा झाला, आणि आम्ही सगळ्या पोट धरून हसलो. तिसऱ्या आठवड्यात त्या मला शिकवत होत्या — कमरेचं चितेंगे, तिथलं लुंगीसारखं कापड, न सुटता कसं नेसायचं ते.

आता ऐका. ह्यात एक टाकाही माझ्या पदरचा नाही.

गावचा हापसा बंद पडला. ब्लेझने पाइप वर ओढले, तर आतला चामड्याचा, वाटीसारखा वायसर फाटलेला. पेटीतले संपलेले. नवे यायला दहा दिवस. बायका रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या. ब्लेझ मातीत बसला, टोपी काढली. मी त्याला असा हरलेला कधी पाहिला नव्हता.

"कसलं चामडं लागतं?" मी विचारलं.

"चांगलं. जाड, पण वळणारं."

मी माझी पर्स उलटी करून रिकामी केली. हृषिकेशने पहिल्या पगारातून घेतलेली, अस्सल चामड्याची. गळ्यातली पिवळी टेप काढली, जुन्या वायसरचं माप घेतलं, खडूने गोल आखला, आणि कात्री घातली. कटोरी ब्लाउज चाळीस वर्षं शिवलेत, वाटीचा आकार मला कोण शिकवणार! तेलात भिजवून त्याने बसवला. पाइप खाली गेले. दांडा हलला. कर्रक... कर्रक... काही नाही. कर्रक...

आणि पाणी आलं! बायकांनी असा काही हेल काढला की झाडावरचे पक्षी उडाले. ब्लेझ धारेखाली उभा, मिशांतून पाणी गळतंय.

"नवे येईपर्यंत टिकेल," तो म्हणाला. मग जवळ आला. "आठ महिने झाले. विचार झाला का? ताई नाही, तर काय म्हणू?"

"तुला काय म्हणायचंय?" मी विचारलं. तुला! माझं मलाच कळलं नाही कधी सुटलं तोंडातून.

"मला लोकांना सांगताना... ‘आमची ही’ म्हणायचंय."

पाणी पडत होतं. त्याने माझ्या हातातली पिवळी टेप घेतली आणि माझ्या गळ्यात घातली — हार घालतात तशी, अगदी सावकाश.

"मग म्हण की," मी म्हटलं.

रविवारी आंब्याखाली उभं राहिलं की सिग्नल मिळतो. घरी व्हिडिओ लावला आणि सगळं सांगितलं. वायसर, पाणी, हार.

"आई, पुरे," हृषिकेश कपाळाला हात लावत म्हणाला. "खरं काय झालं ते सांग."

त्याच्या खांद्यावरून नुपूर डोळे बारीक करून बघत होती. अजून माझ्यावर रुसलेली.

ब्लेझने माझ्या शेजारी डोकं घातलं. "It's true," तो म्हणाला. "I was there." आणि फोन फिरवून हापसा दाखवला, आणि बादल्यांची रांग.

हृषिकेश पुढे वाकला. "ती पर्स... मी दिलेली?"

"हो. अख्खं गाव पाणी पितंय तिच्यातून."

"परत येशील तेव्हा... दुसरी घेऊ," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तुम्हीपण या, काका. तिला सांभाळून आणा."

"तो कसला मला सांभाळून आणतोय," मी म्हटलं, "मीच त्याला आणते."

नुपूर स्क्रीनला नाक लावून बघत होती. "Aji... is that the giraffe's tape?"

मी गळ्याला हात लावला. पिवळी. तिथेच होती.

"इयानच्या आजोबांना विचार," मी म्हटलं.