येतो म्हणणारी

एक नोव्हेंबरच्या सकाळी पद्मजा पनवेलच्या बाजारातून कोलंबी घेऊन आली. मुद्दामच. त्या दिवशी चारुदत्तचा उपास असायचा, तोही देवासाठी नव्हे, पहिल्या बायकोसाठी. विनिता बेळगावची. छप्पन साली याच दिवशी भाषावार राज्यं झाली तेव्हा तिचं गाव पलीकडच्या राज्यात गेलं, आणि तिथली मराठी माणसं अजूनही हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. विनिता जाऊन चार वर्षं झाली, तरी आज तिच्या फोटोला काळी फीत होती. मेलेल्या सवतीशी भांडायची सोय नसते, म्हणून पद्मजा आतल्या आत जळायची.

दिवेलागणीला कोलंबीचा वास घरभर पसरला.

"आज नको होतं गं हे," चारुदत्त एवढंच म्हणाला.

"तुमची ती बाईमाणूस असून 'मी येतो, मी जातो' म्हणायची ना? बाप्यासारखं?"

"तिकडे बायका तसंच बोलतात." तो हसला, आणि तेच तिला झोंबलं. "दवाखान्यात शेवटचंसुद्धा 'येतो' म्हणाली. म्हणायची, माझी राख तिकडे नेऊ नका, मी आता महाराष्ट्रातच राहणार..."

"राहते कशी तेच बघते!"

पद्मजानं फोटोची फीत ओरबाडली आणि स्वयंपाकघरात नेऊन गॅसवर धरली. फीत जळाली. ज्योत भपकन उठून विझली. कोलंबीचा वास पार नाहीसा झाला; उरला नुसता जळक्या कापडाचा.

"पद्मजा?" बाहेरून हाक आली.

'आले' म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"येतो की..."

आवाज तिचा नव्हता. चारुदत्त धावत दारात आला. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण असं त्यानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं किंचाळायला हवं होतं. पण ती नजर फार गोड लागली हो.

"परत... परत बोल ना," तो पुटपुटला.

आणि या खेपेला ती आपण होऊन, हावरटासारखी बोलली, "आलो बघ."

तेवढ्यात मोबाइल वाजला. माहेरून, आपट्याहून, तिच्या आईचा फोन होता.

"आई, मी..."

"कोण बोलतंय?" आई दबक्या आवाजात म्हणाली. "तुमी कोण ते ठाव नाय मला, बाई. जावयांना सांगा, आमची पद्मी हितं आलीय. मघापासनं नदीकडच्या दारात बसलीय. काय इचारलं तर ओठ हलतात नुसते... आवाज नाय."