पाच म्हणजे गोल

पुढचं काही खरं वाटणार नाही, आणि वाटावं असा माझा आग्रहही नाही. अन्फूशीच्या या कॉफीखान्यात माझ्यावर विश्वास ठेवणारा शेवटचा माणूस गेल्या वर्षी वारला, आणि तोही ठार बहिरा होता. तेव्हा ऐका. हसायचं असेल तर गोष्ट संपल्यावर हसा.

बाहेर आज ‘झाडू’ सुटलाय. नोव्हेंबरातलं हे वादळ रस्त्यावरची माणसं झाडून नेतं, म्हणून अलेक्झांड्रियात त्याचं नाव झाडू. त्या वर्षीही झाडूच होता. मी बावीस वर्षांचा, बंदराजवळच्या विमा कंपनीत पहिला दिवस. कुणीतरी खिडकी उघडी टाकली आणि वाऱ्यानं टेबलावरची दोन हजार कार्डं उचलली. त्यातलं एक थेट सायप्रसला पोचलं. तिथल्या एका कोळ्यानं ते पुसून, वाळवून, टपालानं परत पाठवलं. राघिबला विचारा.

राघिब म्हणजे हा, समोर डॉमिनोच्या सोंगट्या लावत बसलेला. बत्तीस वर्षं आमच्या कंपनीच्या कोठीची किल्ली याच्या कमरेला होती. विचारा म्हटलं, पण तो काही बोलायचा नाही. कोठी राखणाऱ्याची जीभ गंजते.

तर आमचा धंदा असा. कापूस, कांदे, संत्री घेऊन जहाजं निघत आणि त्यांच्या विम्याचे कागद आमच्याकडे येत. हाताची अक्षरं यंत्राला वाचता येत नाहीत. म्हणून कागद बघत बघत मी यंत्राच्या कळा दाबून जाड कार्डात भोकं पाडायची, एका आकड्याला एक भोक. मग तोच कागद आणि तेच कार्ड पलीकडच्या रांगेत जाई. तिथं तपासणीच्या मुली सगळे आकडे पुन्हा दाबत. दोघांचं जुळलं, तर कार्डाच्या उजव्या कडेला नखाएवढा काप पडे. पास. नाही जुळलं, तर यंत्र अडे आणि लाल दिवा लागे. संध्याकाळी सगळी कार्डं मोजून कोठीत, बिघडलेली मोजून भट्टीत. एक जरी कमी भरलं, तरी दारं बंद आणि सगळ्यांचे खिसे उलटे. लोकांच्या मालाची खबर बाहेर फुटली, तर कंपनीचं नाक कापलं जायचं.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत लाल दिवा अकरा वेळा लागला. बाराव्या वेळी माझ्या खांद्यामागं कुणीतरी येऊन उभं राहिलं. वळून पाहिलं, तर केसांवर पावसाचे थेंब, हातात माझं कार्ड, आणि डोळ्यांत... राग म्हणावा, तर त्याच्या कडेला हसू होतं.

“पाच कसा लिहितात?” तिनं विचारलं.

मी हवेत गोल काढला. आमच्या अरबी लिपीत पाच म्हणजे गोलच. शून्य म्हणजे नुसता ठिपका.

“आणि यंत्राच्या कळेवर गोल कशाचा आहे?”

मी कळांकडे पाहिलं. यंत्र युरोपातून आलेलं, कळांवरचे आकडे त्यांचे. त्यांचा गोल म्हणजे... शून्य.

“म्हणजे सकाळपासून मी—”

“सकाळपासून तुम्ही बारा जहाजं रिकामी केलीत, उस्ताज,” ती म्हणाली. “आत माणसं होती का, तेवढं तरी बघायचं.”

तिचं नाव इन्शिराह. मन मोकळं होणं, असा त्याचा अर्थ. माझं त्याच दिवशी अडकलं.

महिन्याभरात मी असा तयार झालो की विचारू नका. कागद दगा देतो. पावसाचा थेंब सुकला की शून्य होतो, माशी बसली की दहाचे शंभर होतात. कार्ड दगा देत नाही. भोकांना लिपी नसते. पाचाचं भोक पाचाच्या ओळीत, शून्याचं शून्याच्या. दिवे गेले की बाकीचे हात चोळत बसायचे. मी खिशात हात घालून बोटांनी कार्ड वाचायचो. आंधळ्या शेखांनी मला शिष्य करून घ्यायला माणूस पाठवला होता.

पण हुशारीची शिक्षा झाली. चूक नाही, म्हणून दिवा नाही. दिवा नाही, म्हणून ती नाही. तीन दिवस मी तिच्या पाठीकडे, तिच्या मानेवरच्या एका चुकार बटेकडे बघत बसलो. चौथ्या दिवशी एका पाचाचं शून्य केलं. दिवा लागला. ती उठली.

“हा पाच,” कार्ड उजेडात धरत ती म्हणाली, “मुद्दाम बिघडवल्यासारखा वाटतो.”

“वाटतो... का?”

तिनं कार्ड माझ्यापुढं ठेवलं. मुसियो पाव्ली, आमचे साहेब, दूर चष्मा पुसत होते.

“रोज एकच,” ती हळूच म्हणाली. “दुसरी केलीत तर हे तुम्हाला काढतील. मग मी उठून कुणाकडे यायचं?”

वर्षभर, रोज एक चूक. ती यायची, माझ्या यंत्राखालच्या खणातून कागदाचे बारीक तुकडे मूठभर उचलायची आणि कोटाच्या खिशात टाकायची. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, तुम्ही कार्डातून जे काढून टाकता ते कोठीत जात नाही, म्हणून ते माझं. समुद्राच्या कठड्यावर बसून ती खिशातून हात काढायची, तेव्हा अलेक्झांड्रियात बर्फ पडायचा. मी तो दोन्ही हातांत झेलायचो. यावरही हसू नका.

दुसऱ्या झाडूच्या आठवड्यात ती मला जिन्यात भेटली. भिंतीकडे बघत बोलत होती. दमनहूरहून काका येणार होते, खाटीक, मोठ्या मिशांचे. गुरुवारी तिला सिदी गाबिर स्टेशनवरून घेऊन जायचं, तिकडं एक विधुर पाहून ठेवलेला. गाडी कुठली ते दुपारपर्यंत कळायचं होतं.

“कुणाला मला थांबवायचं असेल,” ती म्हणाली, “तर काकांसमोर उभं राहून मागणी घालावी लागेल. ते मिशांवरून दिसतात तेवढे वाईट नाहीत.”

माझ्या घरी लग्नाच्या तीन बहिणी. त्या तिघी उजवल्याशिवाय स्वतःच्या लग्नाचं नाव काढणार नाही, असं आईनं माझा हात कुराणावर ठेवून वदवून घेतलेलं. माझ्या तोंडात दोन शब्द आले होते. मी म्हणालो, “पाऊस थांबला वाटतं.”

ती खाली उतरून गेली. पाऊस थांबला नव्हता.

त्याच दुपारी नोकरांची वार्षिक कार्डं निघाली. नाव, जन्म, पत्ता. मग एक रकाना: अविवाहित असेल तर एक, विवाहित असेल तर दोन. तिचा कागद माझ्याकडे आला. स्वच्छ अक्षरात एक. जे तोंडाला जमलं नाही, ते बोटानं केलं. मी दोन दाबला. माझ्या स्वतःच्या कार्डावरही दोन. दोन्ही कार्डं पलीकडच्या रांगेत गेली, आणि मी लाल दिव्याकडे बघत बसलो.

चहा थंड झाला. दिवा लागला नाही.

साडेचारला गठ्ठा परत आला. दोन्ही कार्डांच्या उजव्या कडेला नखाएवढा काप. वर्षभर ज्या मुलीच्या हातून एकही चूक सुटली नव्हती, तिनं दोन सोडल्या होत्या. त्या कापावरून मी अंगठा फिरवला... अजूनही फिरवतो, कार्ड नसलं तरी.

गठ्ठ्याच्या तळाशी आणखी एक कार्ड होतं, तिनं स्वतः पाडलेलं. गुरुवारची तारीख आणि एक वेळ. बाकी कोरं.

कार्ड बाहेर न्यायचं म्हणजे नोकरीवर पाणी. मी ते घडी करून रोटीत, ताअमियाच्या वड्यांमागं दडवलं. दारात हाच राघिब झडती घेत होता. “खातोस तर खा,” म्हणाला, “हातात धरून काय उभा?” मग मला चावावंच लागलं. एक कोपरा गिळला. आठ दिवस पोटात विम्याचा कागद कुरकुरत होता.

घरी जाऊन कार्ड उलगडलं. माथ्यावर यंत्रानं वेळ छापलेली होती: एक, आणि पुढं गोल.

आता तुम्हीच सांगा. दिवसभर आमच्या लिपीतले कागद वाचणारा मी. एक आणि गोल म्हणजे पंधरा. जहाजांच्या वेळा आम्ही चोवीस तासांनीच मांडायचो, तेव्हा पंधरा म्हणजे दुपारचे तीन. गुरुवारी मी शर्टाला इस्त्री केली, काकांसाठी बसबूसा मिठाईचा पुडा घेतला, पुडा भिजू नये म्हणून कोटात धरला, आणि पावणेतीनला सिदी गाबिरच्या फलाटावर उभा राहिलो. मनात मागणीची वाक्यं घोकत होतो. तीन वाजले. साडेतीन वाजले. हमालानं सांगितलं की दमनहूरची गाडी गेली, दहाची. एक मुलगी शेवटची शिटी होईपर्यंत चढत नव्हती. तिच्या म्हाताऱ्या काकांनी शेवटी तिचा हात धरला... ओढला नाही म्हणे, नुसता धरला.

यंत्राचा गोल शून्याचा होता. पहिल्या दिवशी तिनं मला जे शिकवलं, तेच शेवटच्या दिवशी मी विसरलो.

बाकावर कागदाच्या बारीक तुकड्यांचा ढीग होता, पांढरा, मूठभर. मी हात पुढं केला आणि झाडूनं तो उचलला. एकही हाती लागला नाही. मी तिथंच बसून तो सगळा पुडा खाल्ला. गोड लागत नव्हता.

कोठीत तिचं कार्ड वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. विवाहित. कुणी दुरुस्त केलं नाही, कारण उजवीकडे काप होता, आणि काप असलेलं कार्ड पुन्हा कुणी बघत नाही. कुणाशी विवाहित, असा रकानाच नव्हता. मी मात्र पुढं कधी... असो. एका गोलानं माणसाचं आयुष्य नेलं, याला कोण काय करणार?

कॉफीखान्याच्या मालकानं, मुअल्लिम बदावीनं, रेडिओ बारीक केला होता. मागच्या टेबलावर कुणीतरी नाक ओढलं. राघिबनं हातातली सोंगटी हळूच खाली ठेवली, माझ्याकडे न बघता.

“शिहाता,” तो म्हणाला, “आपल्या यंत्राला छापता यायचं नाही. कार्डावर फक्त भोकं असायची. आणि भोकांना लिपी नसते.”