एकाच विहिरीचं पाणी

केराबाई दार वाजवायला थांबल्याच नाहीत. सरळ आत आल्या आणि फरशीवरच बसल्या.

“बाई, माझा नातू मारलाय वो. पोटातच मारलाय. माझ्या दिरानं, त्या येडूनं, हिरीत औषध टाकलंय. मला पुरावा काढून द्या. माझा ल्योक बिरुदेव कुऱ्हाड घिऊन बसलाय.”

दानेश्वरी हिरेमठ सोलापुरात खासगी तपास करायची. शेजारच्या खुर्चीतला गुरुराज तिचा मदतनीस. लिहून घ्यायचा भरपूर, कळायचं मात्र बेताचंच.

केराबाई माळशिरसजवळच्या वस्तीवरच्या. घरी शेळ्या-मेंढ्या. महिनाभर तापानं फणफणलेली त्यांची सून ऋतुजा सातव्या महिन्यात मोकळी झाली, बाळ मेलेलं निघालं. आता ती इथल्या दवाखान्यात होती. केराबाईंचे मालक बिरप्पा घरी तापानंच आडवे.

“ताप कसा येतो?” दानेश्वरीनं विचारलं.

“दिवस बुडाला की चढतो. घामानं हातरूण भिजतं. सांदं लई दुकत्यात. सकाळी बगावं तर माणूस बरा.”

“त्याआधी वस्तीवर काही झालं होतं?”

“चार शेळ्या गाभडल्या की, मेलेली करडं पडली! पयली तर बाजारातनं नवीच आणल्याली.”

“मेलेली करडं कोणी ओढून काढली?”

“ह्यांनीच, हातानं. दुसरं कोण हाय?”

“तुम्हाला ताप आला?”

“न्हाय. मला न्हाय, बिरुदेवला न्हाय. आमी मायलेकरं नुसती चहावरची माणसं.”

दुसऱ्या दिवशी दानेश्वरी आणि गुरुराज वस्तीवर गेले. वहिनीनं काय आळ घेतलाय ते ऐकून येडूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“पाण्याच्या पाळीवरनं भांडान हाय, न्हाय कशाला म्हणू? पण हीर एकच हाय, सायेब. माझी लेकरं तेच पाणी पित्यात.”

त्याची तिन्ही लेकरं अंगणात धुडगूस घालत होती.

“पक्का नाटकी आहे,” गुरुराज परतताना म्हणाला.

संध्याकाळी ती दवाखान्यात ऋतुजाजवळ बसली. पोरीचं वय जेमतेम बावीस. बघवत नव्हतं.

“शेळ्यांजवळ जायचीस का गं?”

“न्हाय. दिवस गेल्यापासनं आत्यांनी तिकडं फिरकूच दिलं न्हाय. चहाबी सोडायला लावला. रोज सकाळी शेळीचं ऊन ऊन दूध हातात आणून द्यायच्या.”

गुरुराजनं वहीत लिहिलं : दूध गरम, शंका नाही.

दानेश्वरीनं डॉक्टरांना एक रक्ततपासणी करायला सांगितली. चार दिवसांनी अहवाल आला. तिनं केराबाई आणि बिरुदेवला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवलं.

“येडूनं काही केलेलं नाही. विहिरीत विष असतं तर त्याचीच लेकरं आधी पडली असती. आणि विष दिवस बुडायची वाट बघत नाही. हा शेळ्यांचा रोग आहे, ब्रुसेला नावाच्या जंतूचा. नव्या शेळीबरोबर आला. ती गाभडली, तिच्यापासून बाकीच्यांना लागला. बिरप्पांनी मेलेल्या करडांना उघडा हात लावला, त्यांना तिथून लागला.”

“पण ऋतुजा शेळ्यांजवळ गेलीच नाही!” गुरुराज म्हणाला. “आणि दूध तर गरम होतं.”

“गरम नाही, ऊन. केराबाई, ते दूध चुलीवर ठेवत होतात?”

“चुलीवर कशाला? तापवलं की सत्त्व जातंय त्यातलं. पोटुशी पोर ती. धार काढली की तसंच, शेळीच्या अंगाचं ऊन हाय तवरच...”

केराबाईंनी वॉर्डाच्या दाराकडं बघितलं.

“त्याच शेळ्यांचं दूध तुमच्या चहात उकळत होतं,” दानेश्वरी हळू आवाजात म्हणाली. “उकळलं की रोग मरतो. म्हणून तुम्ही दोघं वाचलात.”

बिरुदेवनं डोकं दोन्ही हातांत धरलं.

“म्हंजी मीच की,” केराबाई म्हणाल्या. “मीच मारला.”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं. ऋतुजा औषधांनी बरी होईल, बिरप्पाही होतील.” खरं शोधून काढल्याचं दानेश्वरीला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

केराबाई उठल्या, वॉर्डात गेल्या आणि सुनेला स्वतःच सगळं सांगितलं. ऋतुजानं तोंड त्यांच्याकडं वळवलं.

“आत्या, मला त्या दुधाचा वास सोसतच नव्हता,” ती म्हणाली. “तुमी एवढ्या मायेनं आणायचा, म्हणून डोळं मिटून प्यायले.”

“मग सांगायचं की गं एकदा,” केराबाई म्हणाल्या आणि खाटेची दांडी धरून हमसून हमसून रडू लागल्या.