बेकरीवरची खोली

"माझ्या कोंबड्या बाहेर आल्यात," धाकटीच्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं. "काल दुपारी नीट आत बसल्या होत्या. पण इथे सगळ्यांना त्या एकाच चित्राची पडलीय. आमच्याकडे बघतंय कोण."

धाकटीने दचकून वळून पाहिलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेल्या, पिशवी पोटाशी धरलेल्या एक बाई शेजारी उभ्या होत्या. समोरच्या भिंतीवर खरोखरच तीन कोंबड्या होत्या, चित्रातल्या. धाकटीने सहानुभूतीने मान हलवली आणि लगेच सगळं विसरून गेली. चित्र चोरीला गेलेलं असताना कोंबड्यांची विचारपूस कोण करणार?

तिची थोरली जाऊ तोवर चोरीच्या जागी पोचली होती. भिंतीवर चौकट होती, सरळ, कोपऱ्याला कोपरा धरून. आत चित्र मात्र नव्हतं.

थोरलीने अर्धं आयुष्य विमा कंपनीत काढलं होतं. जळालेल्या गोदामांत शिरून खरंच काय जळलं, ते ती राखेवरून सांगायची. निवृत्तीनंतर तिने खाजगी तपासाचं काम सुरू केलं, आणि गाडी चालवायला येते म्हणून धाकटीही त्यात ओढली गेली. धाकटी प्रत्येक प्रकरणात निदान दोन निर्दोष माणसांना गुन्हेगार ठरवायची. थोरली ते शांतपणे ऐकून घेई, कारण त्यामुळे दोन नावं आयतीच कमी होत.

कलादालनाच्या संचालिकांचा आवाज चिरकत होता. इलाख्यातल्या आजच्या चित्रकार बायकांचं एवढं मोठं प्रदर्शन इथे पहिल्यांदाच भरत होतं. संध्याकाळी उद्घाटन. त्यानंतर मोठ्या संग्रहालयाचे लोक 'बेकरीवरची खोली' हे चित्र कायमच्या संग्रहासाठी घेऊन जाणार होते, चित्रकर्तीच्या नावासकट. चित्र संध्याकाळपर्यंत सापडलं नाही, तर संचालिकांची अब्रू जाणार आणि पुढच्या वर्षी हे दालन बायकांना कुणी देणार नाही.

"काल कोण कोण होतं इथे?" थोरलीने विचारलं.

शेवटपर्यंत थांबल्या होत्या त्या तिघी जुन्या मैत्रिणीच, संचालिका म्हणाल्या. प्रत्येक जण कधी ना कधी दालनात एकटी होती. दारावरच्या पहारेकऱ्याने जाताना सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या करून पाहिल्या होत्या. संचालिकांचीही, आणि त्याचा राग त्यांना अजून होता. सकाळपासून कपाटं, माळा, पडदे सगळं उलथून झालं. प्रत्येक चित्राच्या मागे, भिंतीच्या फटीत हात घालून झाला. चित्र काही दिसलं नाही.

थोरलीने रिकामी चौकट उतरवली. उथळ ताटासारखी चौकट होती ती. चित्र समोरून आत बसवायचं आणि मागून स्क्रू पिळायचे, म्हणजे चित्राची कडसुद्धा झाकली जात नाही. प्रदर्शनातल्या सगळ्या चौकटी तशाच होत्या. मागची स्क्रूची भोकं स्वच्छ होती, लाकडावर एक ओरखडा नव्हता.

"चोर टापटीप आहे," धाकटी म्हणाली.

"चोराने काम झाल्यावर चौकट परत सरळ टांगली," थोरली म्हणाली. "तुझ्या घरातलं कॅलेंडर तरी सरळ असतं का?"

मागच्या खोलीत एकेकीला बोलावलं. पहिली आली लांबडी. मैत्रिणी तिला अजून तेच म्हणत. बाकी जग तिला फार आदराने हाक मारायचं. उंच, पांढरे आखूड केस, नावाजलेली. चोरीला गेलेल्या चित्रानेच तिला पहिलं बक्षीस आणि नाव मिळवून दिलं होतं. आश्चर्य म्हणजे ती अगदी थंड होती. पोलीस नकोत म्हणाली. "गेलं तर गेलं हो. आणखी शेकडो आहेत."

थोरलीने चित्राचा विषय सोडून त्या खोलीबद्दल विचारलं, आणि लांबडीचा चेहरा एकदम सैल झाला. तिघी तेव्हा विशीतल्या होत्या. बेकरीच्या वर एक खोली, भाडं जवळजवळ नाही, कारण पहाटे धूर यायचा. पावाच्या वासाने भूक लागायची आणि रंग मात्र लवकर वाळायचे. ती स्वतः खिडकीपाशी उंच स्टुलावर बसे. "खाली बसून मला आयुष्यात कधी काढता आलं नाही. हे पाय ठेवायचे कुठे?" मास्तरीण दारापाशी, कारण तिला शिकवण्यांना पळायचं असे. चिमणी जमिनीवर, भट्टीच्या भिंतीला पाठ लावून. चिमणीला सदा थंडी.

"जागा बदलायचा कधी?"

"जागा म्हणजे जागा. एकदा मी चिमणीच्या जागेवर नुसती पिशवी ठेवली, तर दोन दिवस अबोला." लांबडी हसली आणि मग हसू कुठेतरी हरवल्यासारखी थांबली. चित्रांवर त्या सह्या करत नसत, एवढं थोरलीने विचारल्यावर तिने सांगितलं. खोलीत काढलेलं ते खोलीचं, असं ठरलं होतं. वयच तसं होतं.

मास्तरीण म्हणजे सकाळच्या कोंबड्यावाल्या बाई. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी आधी कोंबड्यांची तक्रार पुन्हा सांगितली. चित्र चौकटीतून बोटभर पुढे आलंय, शेजारणीने कुंपणावरून डोकवावं तसं. मग त्याही खोलीत शिरल्या. बेकरीची पिठाची खोकी फोडून मालक फळ्या द्यायचा. एकाच मापाच्या फळ्या, म्हणून त्या दिवसांतली सगळी चित्रं एकाच मापाची. त्यांच्या कोंबड्याही तशाच फळीवर होत्या. आजच्या रंगांना तो वास नाही, त्या म्हणाल्या, की नाकच म्हातारं झालं, कुणास ठाऊक.

धाकटीने धीटपणे विचारलं, की मैत्रिणीचं एवढं नाव झालं त्याचं कधी वाईट वाटलं का?

"पोटात दुखायचं वय गेलं बाई. आता गुडघे दुखतात." मास्तरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "चित्र चांगलंच होतं ते. लांबडीला तसं पुन्हा..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं आणि पिशवीत रुमाल शोधू लागल्या. रुमाल त्यांच्या हातातच होता.

तिसरी चिमणी. नावासारखीच लहानखुरी, केसांत लाकडाचा भुसा. लग्न होऊन ती चौकटी बनवणाऱ्यांच्या घरात पडली आणि आता दुकान तीच सांभाळत होती. दालनात लागलेल्या प्रत्येक बाईचं चित्र तिच्या चौकटीत होतं. तिचं स्वतःचं एकही नव्हतं.

"चित्रं काढणं का सोडलंत?" थोरलीने विचारलं.

"सोडायला मी कुठे काही फार काढत होते?" ती हसली. लग्न अचानक ठरलं, खोलीतलं सामान तसंच टाकून ती गेली. नंतर लांबडीने स्पर्धेसाठी चित्रांचा एक गठ्ठा पाठवला, तो पाठवायच्या वेळी आपण इथे नव्हतोच, असं ती म्हणाली. तसं कुणी विचारलं नव्हतं. बोलताना ती टेबलाची कड अंगठ्याने चाचपत होती, जोड नीट बसलाय का पाहिल्यासारखी. उठताना म्हणाली, "मास्तरणीची कुरकुर चाललीय ना, ती कोंबड्यांची चौकट मी आत्ता दुकानात घेऊन जाते. नीट करून आणते." उद्घाटनानंतर न्या, असं संचालिकांनी सांगितलं, तरी ती दारात जरा रेंगाळली.

दार लागताच धाकटीने निकाल देऊन टाकला. चौकटवालीला चौकट उघडता येते हे खरं, पण म्हणूनच ती असं करणार नाही, आणि चित्र घेऊन ती करणार काय? ते विकलं की पकडली जाणार. शिवाय ती गेली हात हलवत. मास्तरीण भित्री. तेव्हा लांबडीच. पेपरात छापून यावं म्हणून. "बघा ना जाऊबाई, एक टिपूस नाही डोळ्यांत."

"एवढं बरोबर पाहिलंस," थोरली म्हणाली. "तिला सुटल्यासारखं वाटतंय. अंगावरचं ओझं कुणीतरी परस्पर नेल्यासारखं." तिने प्रदर्शनाची पुस्तिका उघडली. त्यात चित्राचा फोटो होता. खिडकीशी उंच रिकामं स्टूल, त्यावर निळं कापड. दारापाशी बाक, बाकाखाली चपला. मध्ये टेबल, आणि सगळ्यावर सकाळचा असा उजेड, की धाकटीला कारण नसताना आपली रंगपेटी आठवली. लग्नानंतर ती पलंगाखाली गेली, आणि मग ते घर, तो पलंग, दोन्ही गेले. फोटोखाली कुणा समीक्षकाने लिहिलं होतं, की कलावतीने हे जग लहान मुलाच्या नजरेने पाहिलं आहे.

"खाली बस," थोरली म्हणाली.

"इथे? साफ आहे का?"

"बस गं."

धाकटी कण्हत जमिनीवर बसली, भिंतीला पाठ लावून.

"आता टेबल कसं दिसतं?"

"खालून. फळी, खिळे, आणि कुणीतरी च्युइंगम चिकटवलंय."

"आणि फोटोतलं?"

धाकटीने फोटो पाहिला. टेबलाच्या फळीची खालची बाजू दिसत होती, बाकाखालच्या चपला डोळ्यांसमोर होत्या, आणि स्टुलाच्या बैठकीला खालून मारलेली आडवी पट्टीसुद्धा. तिला काहीतरी कळल्यासारखं झालं, पण उठण्याच्या खटपटीत ते निसटलं.

दुपार कलताना थोरलीने सगळ्यांना दालनात बोलावलं.

"चित्र या इमारतीतून गेलंच नाही," तिने सुरुवात केली. "पहारेकरी चोख होता. तुम्ही चित्रांच्या मागे शोधलंत, पण चौकटीच्या आत पाहिलं नाहीत. एका चौकटीने तर सकाळपासून सांगितलं. कोंबड्या बोटभर बाहेर आल्यात. ताटासारख्या चौकटीत चित्र पुढे कधी येतं? मागे आणखी काही सरकवलं तरच. आणि त्याच मापाचं दुसरं चित्र या दालनात एकच होतं, कारण दोन्ही एकाच बेकरीच्या खोक्यांवर काढलेली."

मास्तरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"चौकट ओरखडा न पाडता उघडली, दुसरीत दोन फळ्या धरतील असे स्क्रू लावले, रिकामी पुन्हा सरळ टांगली. हा रोजचा हात आहे. आणि आज फक्त एकीला कोंबड्या घरी न्यायची घाई होती." थोरली चिमणीकडे वळली. आवाज उतरला. "उघडता का?"

चिमणीने ॲप्रनच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, चौकट भिंतीवरून उतरवली, आणि चार स्क्रू काढून कोंबड्या बाजूला ठेवल्या. मागे ती खोली होती. स्टूल, निळं कापड, सकाळ.

संचालिकांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच रागाने उसळला. इतकी वर्षं विश्वासाने सगळी कामं दिली, आणि मैत्रिणीचंच चित्र चोरलं?

"मैत्रिणीचं," थोरली म्हणाली. "तिथेच माझं अडलं. चोर कळला, चोरी कळेना. ही खोली ज्या नजरेने पाहिलीय ती लहान मुलाची नाही. ती जमिनीवर बसलेल्या माणसाची आहे. चित्रात खिडकीची जागा आहे, दाराची जागा आहे, आणि दोन्ही समोरून दिसताहेत. तिसरी जागा चित्रात नाही, कारण काढणारी तिथे बसली होती. खिडकीपाशी उंच स्टुलावर बसणाऱ्या बाईंना टेबल वरून दिसलं असतं. आणि जागा कुणी कधी बदलत नव्हतं. चित्रांवर सही नव्हती. गठ्ठ्यात एक फळी जास्तीची गेली, बक्षीस तिलाच लागलं. सुरुवातीला ती चूक असेल. नंतर सगळ्यांनी ती जपली."

लांबडी खिडकीबाहेर पाहत होती. मास्तरीणबाई म्हणाल्या की आपल्याला घरी जायला उशीर होतोय, आणि जागच्या हलल्या नाहीत. धाकटीला वाटलं, या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलींसारख्या तोंडं चुकवताहेत, केस तेवढे पांढरे.

"आता ते कायमचं चाललं होतं," थोरली म्हणाली. "म्हणून कालचा उद्योग. यापुढचं मी सांगणं बरं नाही."

संचालिका गोंधळून एकीकडून दुसरीकडे पाहत राहिल्या. "पण पाहुणे येतील आता. मी त्यांना काय सांगू? चित्र कुणाचं?"

लांबडीने ओठ उघडले. "मी..."

"तू थांब," चिमणी म्हणाली. "तू सांगितलंस तर ते तू दिल्यासारखं होईल."

तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला, ॲप्रनला हात पुसले आणि चित्र दोन्ही हातांनी उचलून धरलं, सगळ्यांना दिसेल असं.

"माझं आहे," ती म्हणाली. "हे चित्र मी काढलंय."