वयनीच्या नावावरची पत्रं

तुम्ही चोर आहात! साधे नव्हे, सरकारी पगार घेणारे चोर... भुरटा चोर निदान घरात कुणी नाही असं बघून शिरतो, पकडला गेला तर मान खाली घालतो. तुम्ही मात्र भर सकाळी जीप घेऊन आलात, जिची पत्रं चोरलीत तिच्याच अंगणात तिनेच आणून टाकलेल्या खुर्चीवर बसलात, तिच्याच हातचा चहा बशीत ओतून प्यायलात, आणि मग मिशा पुसून ती पत्रं तिच्या सासूसासऱ्यांपुढे, नवऱ्यापुढे, कुंपणावरून माना काढून उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यांपुढे मोठ्याने वाचायला लागलात! कुणाच्या हुकमाने?

सरिता दारातच थिजली होती. रिकाम्या कपबशा हातात, आणि कानावर ते शब्द...

“‘तानशा तलावाच्या पाळीवरून उतरताना माझ्या टाचेत काटा मोडला, तू माझा पाय मांडीवर घेऊन तो काढलास, त्या घटकेपासून मी माझी राहिलेली नाही रे प्रज्वल...’” साध्या कपड्यातले ते पोलीस साहेब थांबले, कागदावरून नजर वर करून हसले. “काय बाई, ही मेलची पेटी तुमच्या नावावर आहे ना?”

“हाय.”

“फोटोचं कार्ड तुमचंच दिलंय मुरबाडला, कॅफेच्या रजिस्टरात?”

“माझंच.”

हे खरंच होतं. साल दोन हजार आठ, फेब्रुवारी महिना. टोकावड्याच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की राघोचं, म्हणजे सरिताच्या सासऱ्याचं घर लागतं. त्या घरात सगळंच एकाच्या नावावर चालायचं. रेशनकार्ड एक, विजेचं मीटर एक, तसं इंटरनेट आल्यावर मेलची पेटीही एक. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. पाड्याखालच्या नदीवर धरण होणार, पाणी शहराला जाणार आणि भाताची खाचरं बुडणार असं कळल्यावर गावाने समिती काढली होती. बारावी शिकलेली सून म्हणून अर्ज लिहायचं काम सरिताकडे आलं. तिने कागदावर लिहायचं, आणि मुरबाडला कॉलेजात जाणाऱ्या नणंदेने, कुणालीने, एसटीने जाताना तो कागद न्यायचा आणि लडकूशेठच्या सायबर कॅफेत बसून पाठवायचा. पण लडकूशेठला फोटोचं कार्ड पाहिजे, वरून तसा हुकूम होता. कुणालीचं नाव अजून मतदार यादीत आलं नव्हतं, कॉलेजच्या कार्डावर शिक्का नव्हता. मग सरिताने आपलं मतदानाचं कार्ड नणंदेच्या पर्समध्ये टाकलं. “ने गो बाय, घरातलंच हाय.” पेटी उघडली सरिताच्या नावाने, आणि तिच्यात समितीचे अर्ज जाऊ लागले... आणि त्यांच्याच बाजूला, कुणालाही न कळता, एकोणीस वर्षांच्या एका मुलीचं काळीज जाऊ लागलं!

सरिताला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण काटा ऐकला आणि तिला सगळं उमगलं. दिवाळीनंतर आठ दिवस तिनेच कुणालीच्या टाचेला हळद-तेल लावलं होतं. ‘कॉलेजच्या शिबिरात लागलं गो वयनी’ म्हणाली होती लबाड!

तिने हळूच मान वळवली. माजघराच्या खांबाला धरून कुणाली उभी होती. तोंडावर रक्ताचा थेंब नाही. तीनच आठवड्यांपूर्वी तिचा साखरपुडा झाला होता. शहापूरचा अक्षय, शाळेत मास्तर, घरंदाज माणसं. बोटात नवी अंगठी होती, आणि तिचे डोळे... खाटकाच्या दारात बांधलेल्या शेळीचे डोळे तसे असतात.

“म्हणजे पत्रंही तुमचीच?” साहेबांनी विचारलं.

एक क्षण. एकच! त्या क्षणात सरिताच्या डोळ्यांपुढून तिचा सगळा संसार सरकून गेला. एरवी जीपच्या स्टेअरिंगवर हात ठेवून तिच्याकडे बघणारा तिचा नवरा वाळू, सहा वर्षांची वैष्णवी, अंगणातली तुळस... आणि मग ती बोलली, अगदी स्पष्ट.

“व्हय. माझीच हायत.”

सासूने, धोंडूबाईने, कपाळावर हात मारून घेतला. “आमच्या पोराच्या ताटात माती कालवलीस गो भवाने! कुठं ठेवू हे तोंड?”

 वाळूने तर तिला काही विचारलंसुद्धा नाही. मुरबाड-कल्याण उतारूंची ने-आण, वडाप, करणारा तो धिप्पाड माणूस उठला, आपल्या जीपमध्ये बसला, आणि धूळ उडवत निघून गेला.

जाताना साहेबांनी सरिताला कुंपणापाशी गाठलं. आवाज आता मऊ होता, साजूक तुपातला. “धरणाचे अर्ज लिहिणं बंद करा. अजून अकरा पत्रं आहेत माझ्याकडे. हे तर बरंच सोवळं होतं.”

बघा म्हणजे! समितीच्या एकाही अर्जात यांना काही सापडलं नव्हतं. सापडणार काय, ते अर्ज सरकारलाच पाठवलेले होते! ज्याने पाठवलं त्याचं घर फोडायचं, म्हणून दुसरं काही मिळतंय का ते हुंगत हे त्या पेटीत शिरले, आणि एका पोरीचं पहिलंवहिलं प्रेम त्यांच्या हाताला लागलं.

गोठ्यात कुणालीने वहिनीचे पाय धरले. “वयनी, मी सांगते. आत्ताच्या आत्ता सांगते सगळ्यांना. त्यो प्रज्वल कवाच सोडून गेलाय गो मला... माझ्यापायी तू कशाला?”

“गप बस!” सरिताने तिच्या तोंडावर हात ठेवला. “तुझं लगीन मोडंल. उभ्या तालुक्यात दुसरं जमायचं नाय. माझं काय, चार दिस शिव्या घालतील. आनी अगदीच हाकललं तर माझी पोर हाय माझ्याजवळ.”

इथेच चुकली ती. भोळी ती!

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ बारकू माहेराहून, तानशाहून, न्यायला आला, तेव्हा धोंडूबाईने वैष्णवीला घट्ट कवटाळून धरलं होतं. “पोर आमच्या रक्ताची. ती हितंच ऱ्हाईल. तुला जायचं तिथं जा.” पोरीने फोडलेला टाहो डांबरी रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. सरिता वळून वळून बघत होती. एका शब्दाने हे सगळं थांबलं असतं. तो शब्द जिभेवर होता, आणि तिने तो गिळला. निखारा गिळावा तसा!

मे महिन्यात कुणालीचं लग्न झालं. वहिनीला अक्षता गेल्या नाहीत. तानशाला सरिता भावाच्या घरात उष्टी-खरकटी काढत राहिली. बारकू जीव लावायचा, पण भावजय पाणी देतानासुद्धा भांडं खाली ठेवून द्यायची. विहिरीवर बाया कुजबुजायच्या. नऊ महिने! नऊ महिन्यांत तिने वैष्णवीला दोनदा बघितलं, शाळेच्या गेटाबाहेरून. दुसऱ्या वेळी पोरीनं ओळख दाखवली नाही. आजीनं शिकवलं होतं, की पोरच रुसली होती? त्या रात्री सरिताला अन्न गेलं नाही.

नोव्हेंबरात टोकावड्याच्या शाळेत धरणाची सुनावणी लागली. आणि कुणी बोलावलं नसताना सरिता पहिल्या एसटीने येऊन उतरली. हातात हरकतींचा कागद, तिनेच लिहिलेला. नऊ महिन्यांत समितीकडून एक धड अर्ज गेला नव्हता, लिहिणारंच कुणी उरलं नव्हतं.

व्हरांड्यात टेबल होतं, टेबलामागे अधिकारी होते, आणि कडेच्या खुर्चीत तेच साहेब होते, तीच फाईल मांडीवर. समोर सतरंजीवर गाव. राघो, धोंडूबाई, वाळू. बायकांच्या बाजूला माहेरी आलेली कुणाली, पुरुषांत तिचा नवरा अक्षय.

सरिता उभी राहिली, “आमच्या खाचरांची जी मोजणी झाली...” एवढंच वाचलं असेल.

“बाई, थांबा.” साहेब हसत म्हणाले. “तुम्ही गावाच्या वतीने बोलणार? तुमचं सगळं माहीत आहे आम्हाला. वाचलंय सगळं.” त्यांनी फाईल उघडली. “तानशाची पाळ, टाचेतला काटा... लोकांना ऐकवू पुढचं?”

मागून कुणीतरी फिदकन हसलं. मग आणखी कुणी. वाळूने मान खाली घातली.

“ऐकवा की!”

आवाज बायकांमधून आला होता. कुणाली उभी होती. डोक्यावरचा पदर घसरलेला.

“आनी तुमी कशाला तरास घेता सायब? पुढलं मीच सांगते. ‘तू म्हणालास, घरी सांगू. मी भ्याले. बाबा मला मारतील म्हणून नव्हे, बाबा रडतील म्हणून...’ हायत का नाय हेच शब्द? बघा, बोट ठेवून बघा! पाठ हायत मला. मी ल्हिलेत ते! माझ्या वयनीनं नाय. तिचं निस्तं कार्ड व्हतं!”



“कुणे, खाली बस!” धोंडूबाई किंचाळली.

“नऊ महिने खालीच बसले व्हते आये. आता नाय बसत.”

अक्षय उठला. त्याने बायकोकडे बघितलं नाही, पायात चपला सरकवल्या आणि तो शहापूरच्या दिशेने चालू लागला. कुणाली बघत राहिली. तिने हाक मारली नाही. हुंदका मात्र आला, आणि तो सगळ्यांनी ऐकला.

साहेबांनी फाईल मिटली. “हा तुमचा घरगुती मामला आहे,” म्हणाले. घरगुती! पत्रं वाचताना नव्हता तो घरगुती!

धोंडूबाई धडपडत आली आणि सरिताच्या पायांवर कोसळली. “मला माफ कर गो पोरी... तू निर्मळ व्हतीस. आमीच आंधळी झालो. तू कायच केलं नव्हतंस!”

वाळूही येऊन उभा राहिला. डोळे लाल. “सरिता... सांगायचं तरी मला एकदा.”

आणि मग जे नऊ महिन्यांत झालं नव्हतं ते झालं. सरिता पेटली.

“सांगायचं? तुमी इचारलं का मला? त्या परक्या सायबानं इचारलं, ‘पत्रं तुमची का?’ मी तुमची बायको, आठ वर्सं तुमच्या भाकऱ्या थापल्या, आनी तुमी तोंडातून एक शब्द काढला नाय! गाडी काढलीत नि गेलात!”

“चुकलो.”

“आनी आय, तुमी उठा. पाया पडू नका. मी निर्मळ म्हनून माफी मागता व्हय? आनी माझी असती पत्रं तर? तर माझी लेक हिसकावनं बरोबर व्हतं? या कुणीनं कुनाला काय ल्हिलं, मी कुनाला काय ल्हिलं, ते आमचं आमी बघू, रडू, भांडू, एकमेकींच्या झिंज्या उपटू! पन हा कोन आमच्या घरात घुसनारा?” तिचं बोट साहेबांवर रोखलेलं होतं. “याला एकानं इचारलं नाय, तू वाचलंस कसं! सगळे माझ्याच तोंडाकडं बघत बसलात!”

सतरंजीवरच्या माना खाली गेल्या. मघाशी हसला तो सर्वांत आधी.

तिसऱ्या प्रहरी शाळा सुटली. वैष्णवी वर्गातून दप्तर घेऊन व्हरांड्यात आली आणि आईला बघून आजीच्या पाठीमागे दडली. सरिताने हात पुढे केला नाही. ती नुसती जमिनीवर बसली. बराच वेळ. मग पोर एकेक पाऊल करत आली, आईच्या पदराचा कोपरा धरून म्हणाली, “तू परत जाशील?”

“नाय गो माझे बाय.”

“शप्पत?”

“शप्पत!” आणि मग त्या दोघी अशा रडल्या, की वाळूने खांबाआड तोंड लपवलं, आणि आयुष्यात कुणापुढे न रडलेला राघो टॉवेलात तोंड खुपसून हमसून हमसून रडला.

अक्षय अजून आलेला नाही. येईलही. माणूस वाईट नाही, म्हणते कुणाली. पण ती वाट बघत उंबऱ्यावर बसून राहिलेली नाही. सरिता घरी परतल्याच्या चौथ्या दिवशी दोघींनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज लिहायला घेतला.

“पयलं नाव माझं घाला,” राघो म्हणाला. “घर माझ्या नावावर हाय.”

“नाय बाबा,” कुणाली म्हणाली. “ह्या येळेला ज्याचं त्याच्या नावावर. पत्रं माझी, पयलं नाव माझं. पेटी वयनीची, दुसरं तिचं.”

तिसरं नाव धोंडूबाईने अंगठ्याने केलं.

अर्ज एवढाच होता. आमची पत्रं उघडायचा हुकूम कुणी दिला, त्याचं नाव सांगा. तो लेखी होता का? असेल तर नक्कल द्या. पत्रं किती जणांनी वाचली? त्यांच्या प्रती आज कुणाच्या कपाटात आहेत? ती आमच्या अंगणात मोठ्याने वाचा, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?

तीस दिवसांत उत्तर द्यायचं, हा तुमचाच कायदा. तीस गेले. साठ गेले. नव्वदाव्या दिवशी चिठोरं आलं, ‘सदर माहिती देता येत नाही.’ दोघींनी अपील टाकलंय, ते फेटाळलंत तर त्याच्या वर टाकतील. आता एका मेलच्या पेटीत चोरून शिरता, मग या बायांच्या दारात उजळ माथ्याने यायला काय होतं? एका बाईचे नऊ महिने गेलेत, एका पोरीचा संसार अर्ध्या वाटेत उभा आहे, आणि तुम्ही खुर्चीत बसून आहात.

पत्रं तुम्ही वाचलीत. आता हा अर्जही वाचा, आणि उत्तर द्या. कुणी वाचली?