दोन सेलची जीप

"मामा, थांबवा! थांबवा!" बेबीनंदा ओरडली, पण तोवर बिनतारी जीप नालीत उलटी पडली होती. चाकं अजून गरगर फिरत होती!

तातेरावमामांनी ही जीप स्वतः बनवून दिवाळीच्या सुट्टीत परतूरला आणली होती. हातातल्या डब्यावरची बटणं दाबली, की ती पुढं-मागं, डावी-उजवीकडं धावायची. बेबीनंदा, तिचा थोरला भाऊ संपत आणि दोस्त भुजंग यांना तर वेडच लागलं होतं.

"मोटरीला चार सेल जास्त होतात, मामा," बेबीनंदा म्हणाली.

"अगं, जोर पाहिजे जोर! जीप हाय ती, बैलगाडी न्हाई!" असं म्हणून मामा चहाला निघून गेले.

बेबीनंदाचं मन तसंही खेळात नव्हतं. तिचं लाडकं करडू, चिंगी, सकाळपासून सापडत नव्हतं. शोधत शोधत तिघं कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आली, तर कापसाच्या गाठींच्या थप्पीजवळ हमालांचा घोळका उभा!

"थप्पीखालून कण्हल्यासारखा आवाज येऊन राह्यला," मुकादम अप्पाराव म्हणाले. "भूतच हाय!"

वाळवी लागू नये म्हणून ती थप्पी दगडांवर फळ्या टाकून रचली होती. भुजंग पोटावर झोपला आणि खालच्या फटीत त्यानं टॉर्च मारला. दूर, दगडांच्या आड, दोन डोळे चमकले.

"भूत कसलं, चिंगी हाय!"

बेबीनंदा खाली शिरू लागली, तसा संपतनं तिला मागं ओढलं. "बिलकुल न्हाई! फळ्या कुजल्यात. गाठ अंगावर आली तर?"

काठी घातली, ती दगडाला अडली. हाका मारल्या, पण यंत्रांच्या धडधडाटाला भ्यालेली चिंगी हलेना. तेवढ्यात गाठींचा ट्रक आला.

"सरका, पोरांनो! नवी थप्पी इथंच लावायची," अप्पाराव म्हणाले.

"मुकादम, आत करडू हाय!" बेबीनंदा रडकुंडीला आली. फटीचं तोंड बुजलं तर चिंगी गुदमरून मरेल!

"येईल मागून कुठून तरी. जल्दी करा रे!"

भुजंग मोठ्यानं म्हणाला, "मुकादम, तुम्हीच म्हणलात नं, भूत हाय? मंग भुताच्या तोंडावर गाठी कोण ठेवणार?"

करडाचं ऐकूनही हमालांच्या मनातलं भूत गेलं नव्हतं. एकही पुढं येईना! अप्पाराव चरफडत बसले.

"जीप आण!" बेबीनंदा संपतला म्हणाली. तो पळत जाऊन घरून जीप आणि डबा घेऊन आला. टपावर करडांच्या आवडीचा शेवरीचा पाला बांधून जीप आत सोडली. घर्रर्र! ती सुसाट सुटली, दगडावर आपटली, आणि बिचारी चिंगी आणखी आत पळाली! भुजंगनं काठीनं जीप बाहेर ओढली.

बेबीनंदानं डोळे पुसले. "टॉर्चमधला एक सेल कमी केला की दिवा मंद होतो. मंग मोटरही हळू चालंल की!"

"पण सेल काढला तर जागा रिकामी राहील. वीज जाईल कशी?" संपतनं विचारलं.

बेबीनंदानं कापसाच्या वाळक्या काडीचे, पऱ्हाटीचे, सेलाच्या लांबीचे दोन तुकडे मोडले, टाकून दिलेल्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद त्यांच्यावर टोकांसकट घट्ट गुंडाळला आणि दोन सेल काढून त्यांच्या जागी ते तुकडे बसवले. डब्याचा हुकूम ऐकणाऱ्या जीपमधल्या रेडिओचे सेल वेगळेच होते, त्यांना कुणी हात लावला नाही.

बटण दाबलं. जीप गुरगुरली नाही, तिनं उड्या मारल्या नाहीत. मुंगीसारखी आत निघाली!

"डावीकडं... अजून... बस!" भुजंग सांगत होता. "चिंगी पाल्याचा वास घेऊन राह्यली! आता मागं घे!"

बेबीनंदानं मागं घ्यायचं बटण दाबलं. जीप हळूहळू मागं सरकू लागली. मागून पाल्यासाठी मान लांबवत चिंगी आली, आणि फटीतून तिचं धुळीनं माखलेलं नाक बाहेर आलं!

"चिंगे!" बेबीनंदानं तिला छातीशी धरलं. केवढं हायसं वाटलं तिला! हसू आणि रडू एकदमच आलं.

"शाब्बास, पोरी!" अप्पाराव खजील होऊन म्हणाले. "आवाज आला तवाच म्या वाकून बघायला पाहिजे होतं."

चहा पिऊन आलेल्या मामांनी सगळं ऐकलं, सेलांची पेटी उघडली आणि पऱ्हाटीचे तुकडे पाहून खो खो हसले. काढलेले दोन सेल त्यांनी खिशात टाकले.

"जीप मी बनवली, बेबी," ते म्हणाले, "पण चालवायला तूच शिकवलीस."

चिंगी मात्र जीपच्या टपावरचा पाला निवांत खात होती.